कमी सामानाचं घर आणि अडीच लाखांचा माल

प्रश्न : मी नाशिकला राहते, वय ३६. नोकरीत हातात ५८,००० रुपये येतात. गेली काही वर्षं मोजक्याच वस्तूंत राहते, त्यामुळे महिन्याचा खर्च २४,००० च्या आत बसतो. ७ लाखांची मुदत ठेव आणि साडेतीन लाख म्युच्युअल फंडात आहेत, कर्ज नाही. नोकरी सोडून पर्यावरणपूरक वस्तू विकायचा विचार आहे. ४० प्रकारांचा माल अडीच लाख, वेबसाइट सव्वा लाख, गाळ्याची अनामत आणि फर्निचर सव्वा लाख, असे ५ लाख घालणार आहे. महिन्याला १०० ऑर्डरी धरल्या आहेत. लोकांना वस्तू घ्यायला लावणं माझ्या राहणीशी विसंगत ठरेल का, आणि पैशाच्या दृष्टीने हे बरोबर आहे का?

उत्तर : तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर तुमच्या मालाच्या यादीतच आहे.

स्टीलची बाटली, स्टीलची स्ट्रॉ, बांबूचे चमचे, कापडी पिशवी. यातली बाटली दहा वर्षं टिकते. म्हणजे गिऱ्हाईक एकदा येतं आणि पुन्हा येत नाही. दुकान चालू ठेवायचं तर दर महिन्याला नवी माणसं शोधावी लागतात, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या घरी बाटल्या आधीच असतात. तुमच्या राहणीशी विसंगत आहे ते हे. दात घासायचा ब्रश तीन महिन्यांत झिजतो, भांडी घासायची घासणी त्याहून लवकर. संपलेल्या वस्तूच्या जागी चांगली वस्तू दिली, तर कोणाच्या घरात एकही जास्तीची वस्तू जात नाही आणि तेच गिऱ्हाईक परत येतं. इथे तुमचं तत्त्व आणि धंद्याची गरज दोन्ही एका बाजूला आहेत.

कापडी पिशवीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेच्या २०१८ च्या अभ्यासानुसार प्लास्टिकच्या पिशवीच्या तुलनेत साध्या सुती पिशवीचा फक्त हवामानावरचा भार फिटायलाही ती ५२ वेळा वापरावी लागते. पाणी आणि इतर परिणाम धरले तर आकडा ७,१०० वर जातो. नवं कापड विकत घेऊन पिशव्यांचे गठ्ठे करून ठेवू नका. गिऱ्हाइकाने जुनी चादर आणावी, तुम्ही ती जवळच्या बचत गटाकडून शिवून द्यावी. शिलाई २५ रुपये पडली आणि तुम्ही ४५ घेतले, तर एक पैसाही मालात न अडकवता पिशवीमागे २० रुपये सुटतात.

आता हिशेब. बांबूचा ब्रश २४ ला घेऊन ६० ला विकायचा, म्हणजे ६० टक्के सुटतात, असं तुमच्या तक्त्यात आहे. एक ब्रश कोणी कुरिअरने मागवत नाही, म्हणून चारचा संच धरू. विक्री २४०, खरेदी ९६, खोका आणि कागद १४, कुरिअर ६५, पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेण्याची फी) ६, परत आलेला किंवा खराब निघालेला माल १०. हातात उरतात ४९ रुपये. जीएसटी भरावा लागला तर तोही यातूनच जाणार. घरखर्चाचे २४,००० काढायला महिन्याला ४९० ऑर्डरी हव्यात, रोजच्या सोळा. १०० ऑर्डरींत ४,९०० सुटतील, तेवढ्यात गाळ्याचं भाडंसुद्धा निघायचं नाही.

काथ्याच्या घासण्या कुरिअरने पाठवायचा विचार तर सोडूनच द्या. कुरिअरवाले बहुधा लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात आणि प्रत्यक्ष वजनापेक्षा तो आकडा मोठा असेल तर त्यावर पैसे लावतात. ३० बाय २० बाय १० चा खोका आत ४०० ग्रॅम असला तरी १.२ किलो धरला जातो.

तोच ब्रशांचा संच सोसायटीच्या आवारात रविवारी हातोहात विकला तर खोका, कुरिअर आणि गेटवेचा खर्च वाचून १३४ रुपये सुटतात. टेबलाचं भाडं १,५०० असेल तर १२ संच गेल्यावर ते निघतं. माझा कल स्पष्टपणे इकडे आहे.

सर्वांत जास्त काळजी मला अडीच लाखांच्या मालाची वाटते. महिन्याला १०० ऑर्डरी, प्रत्येकीत ९६ रुपयांची खरेदी, म्हणजे ९,६०० रुपयांचा माल हलतो. अडीच लाखांचा साठा संपायला २६ महिने लागतील. त्यात किमान दोन पावसाळे येतात. बांबू ओल धरतो, त्यावर बुरशी येते, आणि बुरशीचा डाग पडलेला ब्रश कोणी तोंडात घालत नाही. शिवाय गाळा घेतला नाही तर हे सगळे खोके तुमच्याच घरात राहणार. ४० ऐवजी सहा प्रकार ठेवा : बांबूचे मोठ्यांचे आणि मुलांचे ब्रश, काथ्याची घासणी, सुकवलेल्या घोसाळ्याची जाळी, भांडी-कपड्यांसाठी रिठ्याची पूड आणि ती शिवून द्यायची पिशवी. साठा ६० दिवसांच्या वर जाऊ देऊ नका. पुरवठादार किमान ५०० नग घ्यायला लावत असेल तर नगामागे दोन-तीन रुपये जास्त देऊन शंभरच घ्या. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बांबूची खरेदी निम्मी करा आणि ब्रश हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा.

घरगुती साबण सध्या नको. अंगाचा साबण सौंदर्यप्रसाधनांत मोडतो आणि तो बनवून विकायला एफडीएचा परवाना लागतो.

कागदपत्रांत एक मुद्दा पैशाशी थेट जोडलेला आहे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकला तर वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. मात्र वेबसाइटवरून बेळगावला किंवा पणजीला एक पार्सल पाठवलं तरी ती आंतरराज्य विक्री होते आणि नोंदणी लागते. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट होते, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. बंद पाकिटावर एमआरपी, वजन किंवा नग, पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. पूड सुटी विकणार असाल तर वजनकाटा वैधमापन विभागाचा शिक्का असलेला हवा.

‘शंभर टक्के विघटनशील’ असं लिहू नका. बांबूच्या बहुतेक ब्रशांचे केस नायलॉनचे असतात. ते उपटून मगच दांडा मातीत टाकायचा, हे पाकिटावर स्वच्छ लिहा. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा पर्यावरणविषयक दाव्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

नोकरी आत्ता सोडू नका. आधी नेमणूकपत्रात दुसऱ्या व्यवसायाबद्दल काय लिहिलं आहे ते पाहा, गरज असेल तर लेखी परवानगी घ्या. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर जातो. नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून स्वतःची पॉलिसी याच महिन्यात घ्या. मुदत ठेवीतले २,८८,००० म्हणजे एक वर्षाचा खर्च. त्याला हात लावायचा नाही, म्युच्युअल फंडही तसाच राहू द्या. उरलेल्या ४,१२,००० मधून धंद्यात ८०,००० घाला : माल २५,०००, टेबल-भाडं आणि प्रवास २०,०००, छपाई, काटा आणि डबे १५,०००, बाकी २०,००० हाताशी.

दिवाळीनंतर, कोरड्या हवेत सुरुवात करा आणि प्रत्येक गिऱ्हाइकाची वहीत नोंद ठेवा. सहा महिन्यांनी पाहा, दहातले निदान तीन परत आले का. नसतील तर साठा खरेदीच्या भावात काढून टाका आणि थांबा, बुडाले तरी ८०,००० च्या आतच बुडतील. आले असतील तर पुढे चला, पण सलग सहा महिने खर्च वजा जाता १५,००० सुटल्याशिवाय राजीनामा नाही. वेबसाइटवाल्याला अजून आगाऊ रक्कम दिली नसेल तर देऊ नका, ऑर्डर घ्यायला व्हॉट्सॲप बिझनेसवरचा सहा वस्तूंचा कॅटलॉग पुरेल.