हप्ता मुलीच्या धंद्यातून जातोय, हे आधी मान्य करा

नमस्कार,

पत्र मिळालं. मुलगी २३ वर्षांची, बीकॉम झालेली, धायरीच्या घरातून खणाच्या पर्स, पाऊच, तोरणं इन्स्टावर आणि व्हॉट्सॲपवर विकते, मंदीमुळे विक्री महिन्याला ७० हजारांवरून ४० वर आलीय, हिंजवडीतल्या कंपन्यांची दिवाळी गिफ्टची ऑर्डर यंदा आलीच नाही, म्हणून तिने हे सगळं बंद करून बँकेच्या परीक्षांना बसावं आणि ते मी तिला पटवून द्यावं, असं तुमचं म्हणणं. पण माझं लक्ष अडकलं ते तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय त्याच्यात. चाकणची तुमची नोकरी फेब्रुवारीत गेली, तिच्या ऑर्डरचे पैसे तुमच्या खात्यावर येतात कारण क्यूआर कोड तुमच्या नावाचा आहे, आणि घराचा १८ हजारांचा हप्ता सध्या त्यातूनच जातोय.

अहो, मग धंदा चालत नाही असं कसं म्हणताय? तुमचं घर त्याच्यावर चाललंय. तुम्हीच दिलेले आकडे मांडून बघितले. ४५० ची पर्स, त्यात कापड, अस्तर, चेन आणि शिलाई मिळून १९०, कुरिअर ७०, पॅकिंग १५, म्हणजे पर्समागे तिला सुटतात १७५. या हिशोबाने ४० हजारांच्या विक्रीत साधारण साडेपंधरा हजार उरतात. मंदीत, एकटीने, घरातल्या एका खोलीतून. आणि हप्ता आहे १८ हजार. म्हणजे नफा तर सगळा जातोच, वर दर महिन्याला अडीच हजार भांडवलातून उचलले जातायत. रविवार पेठेतल्या कापडवाल्याची उधारी का थकली याचं उत्तर इथे आहे, आणि तुम्ही ते 'हिला व्यवहार कळत नाही' या खात्यात टाकलंत.

पन्नाशीत नोकरी जाणं काय असतं हे मी मार्गदर्शनाच्या या कामात खूप जवळून बघते. रोज सकाळी आवरून जायचं कुठे हा प्रश्न माणसाला आतून खातो, त्यामुळे तुमची भीती मला खोटी वाटत नाही. पण ती भीती तुम्ही मुलीच्या करिअरचा निर्णय म्हणून पुढे करताय, ते मला पटलेलं नाही. घरात खात्रीचा पगार यावा असं तुम्हाला वाटतं, आणि तो तिने आणावा असंही वाटतं. बँकेचं म्हणाल तर आयबीपीएसच्या, म्हणजे सरकारी बँकांच्या भरतीच्या परीक्षांना, क्लार्कसाठी २८ आणि पीओ म्हणजे अधिकारी पदासाठी ३० वर्षांपर्यंत बसता येतं, तिची वेळ टळून चाललेली नाही. शिवाय फॉर्म भरण्यापासून हातात नेमणुकीची ऑर्डर पडेपर्यंत वर्ष सहज जातं, तोपर्यंत धंदा बंद आणि हप्ता चालू, तो कोण भरणार?

आता त्या ३० टक्के सेलबद्दल, कारण हा गैरसमज मला बऱ्याच घरांत दिसतो. मंदी आली की स्वस्त करा, माल खपेल, पैसा येईल. तुम्ही तिला सेल लावायला सांगितलात, ऑर्डरी वाढल्या, पैसे मात्र उरले नाहीत आणि खापर फुटलं तिच्यावर. हिशोब बघा ना. ४५० ची पर्स ३१५ ला गेली पण खर्च तेवढाच, २७५, म्हणजे १७५ च्या जागी ४० उरले. तेवढेच पैसे कमवायला चारपटीहून जास्त पर्स विकाव्या लागतील आणि शिवणारी ताई तर एकच आहे. त्यात कॅश ऑन डिलिव्हरीची एखादी पर्स परत आली की जाता-येताचं कुरिअर मिळून १४० गेले, म्हणजे सेलमधल्या साडेतीन पर्सचा नफा एका परतीने खाल्ला. मंदीत विक्री कमी झाली तरी चालते, एका नगामागे सुटणारा पैसा कमी झाला की छोटा धंदा मरतो.

त्यामुळे सेल बंद करा. कॅश ऑन डिलिव्हरीला आधी १०० रुपये ॲडव्हान्स घ्यायचे, ज्याला खरंच पर्स हवीय तो देतो. आणि ते पुठ्ठ्याचे खोके थांबवा, कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार करून ५००० ने भागतात आणि ते आकारावरून वजन धरतात, त्या हिशोबात ३० बाय २५ बाय १० सेंटीमीटरचं खोकं दीड किलो होतं, आत पर्स दोनशे ग्रॅमची. पैसे लावताना कुरिअरवाला खरं वजन आणि हे आकाराचं वजन यातलं जे जास्त ते धरतो. खणाची पर्स घडी होते, साध्या कुरिअर बॅगेत जाऊ दे. नवीन कापड ऑर्डर आल्यावरच घ्या. छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी योजनेतल्या मुद्रा कर्जाचं विचारलंत, त्यातल्या सगळ्यात छोट्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत मिळतं, पण तुमच्या घरी ते हप्त्यातच जाणार, म्हणून आत्ता नकोच.

सगळ्यात आधी मात्र तिच्या नावाचं वेगळं खातं आणि तिचा क्यूआर कोड. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारदरबारी नोंद, सरकारी साइटवर फुकट होते, एजंटला एक रुपया देऊ नका. घराला ती महिन्याला किती देणार ते तिघांनी बसून ठरवा, माझ्या मते आठ हजारांच्या वर नको, आणि ते द्यायचे की नाही हे तिने ठरवायचं. उरलेल्यासाठी तुम्ही स्वतः बँकेत जाऊन कर्जाची मुदत वाढवून हप्ता कमी होतो का ते विचारा. लाज वाटेल, पण जा.

आणि खरं सांगू, या पत्रात मार्गदर्शन हवंय ते तुम्हाला. पंचवीस वर्षं परचेसमध्ये, कंपनीच्या खरेदी विभागात, काढलेला माणूस घरी बसून मुलीच्या रोजच्या ऑर्डरी मोजतोय हे मला बघवत नाही. तुमच्यासारखी माणसं छोट्या युनिट्सना अर्धवेळ लागतात, भोसरीत, नऱ्ह्यात जाऊन विचारा, जुन्या व्हेंडरना फोन करा, पगार आधीपेक्षा कमी असेल तो घ्या. येत्या आठवड्यात तुमचा बायोडेटा मला पाठवा, कामाच्या तपशिलासकट. मुलीला काही विचारायचं असेल तर तिचं पत्र तिलाच लिहू द्या, आणि पाठवायच्या आधी ते वाचू नका.