माथ्यावर पाऊस, पायथ्याला पूर : डोंगरवाटांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गेल्या श्रावणात आम्ही सात मित्र पाटणादेवीहून दरीच्या वाटेने पितळखोऱ्याच्या लेण्यांकडे निघालो होतो. सकाळी नुसते आभाळ होते, पाऊस नव्हता. अर्ध्या वाटेवर समोरच्या कड्यांवर ढग उतरले, भुरभुर सुरू झाली आणि ओढ्याचे पाणी किंचित वाढल्यासारखे वाटले. तिघांचे म्हणणे पुढे जावे असे होते, चौघांना मागे फिरायचे होते, आणि शेवटी सगळेच चरफडत परतलो. खाली आलो तेव्हा लख्ख ऊन पडले होते. तेव्हापासून आमची चेष्टा चालू आहे. यंदा पुन्हा जायचे आहे. आमचा निर्णय बरोबर होता का, आणि असा निर्णय कशावरून करावा?
— एक वाचक, चाळीसगाव तालुका

उत्तर : निर्णय बरोबर होता, आणि खाली पडलेल्या उन्हामुळे तो चुकीचा ठरत नाही. पायथ्याच्या हवेवरून दरीतल्या पाण्याचा अंदाज बांधणे ही आपल्या भागातली नेहमीची गफलत आहे आणि तिला कारणही आहे. खान्देशाच्या सपाटीवर वर्षाकाठी साधारण सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर तेवढा काही दिवसांत पडून जातो. त्यामुळे 'आपल्याकडे कसला आलाय पाऊस' हे वाक्य आपल्या तोंडी बसलेले आहे. परंतु हा तुटपुंजा पाऊस चार महिन्यांत सारखा वाटून पडत नाही. बंगालच्या उपसागरातून निघालेले कमी दाबाचे पट्टे मध्य भारत ओलांडून पश्चिमेकडे सरकतात तेव्हा महिन्याचा पाऊस एका रात्रीतही कोसळू शकतो. ३० ऑगस्ट २०२१ च्या रात्री नेमके असेच झाले. दुसऱ्या दिवशी कन्नड घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद पडली होती आणि तितूर व डोंगरी या नद्यांचे पाणी चाळीसगाव शहरात शिरले होते. आपण सर्वांनी ते पाहिले आहे.

पाटणादेवीच्या दरीची रचना लक्षात घेतली म्हणजे पुढचे सगळे त्यातूनच उलगडते. आपण चालतो ती दरी खान्देशात उघडते, पण तिला पाणी पुरवणारे पठार वर, कन्नडच्या बाजूला आहे. सातमाळ्याच्या कड्याआडचे ते पठार दरीतून दिसतच नाही. तिथे धो धो पाऊस चालू असताना दरीत भुरभुर असणे, इतकेच काय, ऊन असणेही शक्य आहे. त्यातून हा सगळा मुलूख बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा. त्यावर मातीचा थर पातळ आणि उतार तीव्र. पठाराची माती एकदा तुडुंब भिजली की पुढचा बहुतेक पाऊस जिरत नाही, तो सरळ घळींतून खाली येतो. त्यामुळे अशा ओढ्याला पूर यायला नदीसारखा दिवस लागत नाही, तासाभरातही तो येऊ शकतो. आपल्यासारख्या वाटेवर, जिथे ओढा पुन्हा पुन्हा ओलांडावा लागतो, तिथे खरा धोका बहुधा पुढच्या चढात नसतो. तो मागे टाकलेल्या आणि परतताना पुन्हा ओलांडाव्या लागणाऱ्या ओढ्यात असतो.

म्हणून 'आत्ता हा ओढा ओलांडता येईल का' एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. 'चार तासांनी, दमलेल्या पायांनी, पाणी गुडघाभर वाढलेले असताना हाच ओढा ओलांडता येईल का' असे विचारावे लागते, आणि उत्तराबद्दल शंका असेल तर ओढ्याच्या अलीकडच्या काठावरच थांबावे.

'पाणी किंचित वाढल्यासारखे वाटले' असे आपण लिहिता. वाटण्यावर सोडू नये, कारण सात जणांना सात प्रकारे वाटते आणि वाद तिथेच सुरू होतो. पाण्याच्या अगदी कडेला, जिथे लाट जेमतेम शिवते तिथे, एक ओळखू येईलसा दगड ठेवावा आणि दहा मिनिटे दशमी खात बसावे. दगड बुडाला तर वादाचे कारणच उरत नाही. त्या दहा मिनिटांत पाण्याचा रंगही पाहावा. नितळ पाणी चहासारखे तांबूस-गढूळ होऊ लागले, पालापाचोळा, वाळक्या काटक्या आणि फेसाचे पुंजके वाहत येऊ लागले, किंवा खळखळाटाच्या तळाशी दगड एकमेकांवर आपटल्याचा जाड आवाज येऊ लागला, तर वरचे पाणी निघाले आहे असे समजावे. तशा वेळी पात्रात क्षणभरही न रेंगाळता, सामान आवरण्यात वेळ न घालवता, काठाच्या उंच भागावर चढावे.

जोराने वाहणारे गुडघाभर पाणी धडधाकट माणसालाही लोळवते, कारण प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. साखळी करून, कमरेला दोर बांधून ओलांडण्याचे जे प्रकार चित्रफितींत दिसतात त्यांचे अनुकरण करू नये. कमरेचा दोर घसरलेल्या माणसाला वर काढण्याऐवजी पाण्याखाली धरून ठेवू शकतो. लहान ओढ्यांची एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. त्यांचे पाणलोट लहान असते, म्हणून ते जसे झपाट्याने चढतात तसे वरचा पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतातही. अडकलात तर उंच, दरड कोसळणार नाही अशा जागी बसून वाट पाहणे हाच शहाणपणाचा उपाय. त्यासाठी प्रत्येकाच्या पाठीवर एक कोरडा कपडा, विजेरी आणि एका जेवणाइतका जास्तीचा शिधा हवा.

यंदाच्या बेताविषयी. पितळखोऱ्याच्या माथ्यापर्यंत कन्नडच्या बाजूने गाडीरस्ता येतो आणि तेथून पायऱ्या लेण्यांकडे उतरतात. म्हणजे लेण्यांपर्यंत पोहोचल्यावर पाणी वाढले तर दरीतून परतण्याची सक्ती नाही. वर चढून गाडीने घाट उतरता येतो. एक गाडी आधीच वर ठेवता आली तर उत्तम. मात्र घाट चालू आहे याची सकाळी खात्री करून घ्यावी, कारण ज्या पावसाने ओढा वाढतो त्याच पावसाने घाटातही दरड येते. हे सारे क्षेत्र गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचे आहे. वनविभागाच्या नाक्यावर नावे नोंदवावीत, आणि पावसामुळे वाट बंद केली असेल तर रखवालदाराशी हुज्जत घालू नये. गावातला वाटाड्या घेतला तर तो वाट दाखवतोच, शिवाय कोणत्या घळीला आधी पाणी येते हेही त्याला ठाऊक असते. त्याच्या मजुरीत घासाघीस करणारे लोक पुढे चहा-भज्यांवर तेवढेच पैसे उडवतात हे पाहून मला नेहमी नवल वाटते.

निघण्यापूर्वी हवामान खात्याचा जिल्हावार इशारा पाहावा, पण आपल्या वाटेसाठी जळगावबरोबर छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचाही पाहावा, कारण पाणी तिकडून येते. खात्याच्या परिभाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून 'जोरदार' आणि ११५.६ पासून 'अति जोरदार' पाऊस धरतात. दोन्हींपैकी कोणत्याही जिल्ह्याला नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर दरीची वाट रद्द करावी. पिवळा असेल आणि आदले दोन दिवस पाऊस झालेला असेल तरी मी जाणार नाही. जमीन आधीच भिजलेली असणे ही बाब इशाऱ्याच्या रंगाइतकीच महत्त्वाची आहे आणि ती भ्रमणध्वनीवर दिसत नाही.

वेळेचा हिशेबही घरीच मांडावा. नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला ठोकताळा आजही वापरतात : सपाटीवर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. तो निबर पायांच्या माणसाचा आणि कोरड्या हवेचा हिशेब आहे. शेवाळलेल्या दगडांवरून, चिकट काळ्या मातीतून जाताना त्याची दीडपट ते दुप्पट धरावी. ऑगस्टअखेरीस सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, पण ढगाळ हवेत दरीच्या तळाशी सहालाच दिसेनासे होते. यावरून परत फिरण्याची वेळ काढावी, ती सर्वांदेखत ठरवावी आणि वहीत लिहावी. त्या वेळेला लेणी पन्नास पावलांवर असली तरी वळावे.

राहिला तिघे आणि चौघांचा वाद. डोंगरात मतदान घेऊ नये. गटातल्या ज्याला सर्वांत आधी भीती वाटते त्याचे मत प्रमाण, असे आधीच ठरवून टाकावे. गट फोडून 'तुम्ही व्हा मागे, आम्ही येतो' हा तोडगा तर कधीच काढू नये. मग शोधायला जाणारे आणि शोधायचे असलेले असे दोन गट तयार होतात.

प्रश्न : धुळ्यातील आमच्या महाविद्यालयाचा गट सप्टेंबरच्या शेवटी लळिंग किल्ल्यावर जाणार आहे. पाऊस तेव्हा संपत आलेला असतो. विजेची भीती कितपत बाळगावी?
— एक विद्यार्थिनी, धुळे

उत्तर : पाऊस संपत येतो तेव्हाच ती अधिक बाळगावी. आपल्याकडे मे-जूनमधील वळवाच्या सरी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा परतीचा पाऊस हे विजांचे काळ. परतीच्या पावसात सकाळ निरभ्र असते, दुपारी उकडते, आणि तीन-चारच्या सुमारास फुलकोबीसारखे ढग उभे वाढून वरून पसरट होतात. लळिंगचा माथा उघडा असल्याने अशा वेळी तिथे सर्वांत उंच वस्तू म्हणजे आपणच. त्यामुळे उजाडताच चढून दुपारी बाराच्या आत पायथ्याशी यावे. मग बाकीच्या सूचनांची फारशी गरज पडत नाही.

तरी पडलीच, तर वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. तीन सेकंदांना सुमारे एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर लगेच माथा सोडून उतरावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा वर जाऊ नये. एकट्या झाडाखाली, झेंड्याच्या खांबाशी, तटाच्या कडेला उभे राहू नये. उथळ कपारीत किंवा गुहेच्या तोंडाशी दाटीवाटीने बसणेही घातक आहे, कारण खडकावरून वाहणारी वीज तेवढे अंतर सहज ओलांडते. उतरायला वेळच नसेल तर एकमेकांपासून लांब लांब, पावले जुळवून उकिडवे बसावे, जमिनीवर आडवे होऊ नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे ॲप आसपासच्या विजांची सूचना देते, ते भ्रमणध्वनीत ठेवावे. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही. त्याला हात लावायला न घाबरता, श्वास बंद असेल तर ताबडतोब छातीवर दाब देण्यास सुरुवात करावी आणि ११२ क्रमांकावर कळवावे.

प्रश्न : माझा मुलगा मित्रांबरोबर भर पावसात तोरणमाळला पायी चढून दिवसभर भटकून आला. रेनकोट होता, तरी येताना थडथडत होता आणि बोलताना त्याची जीभ अडखळत होती, असे त्याचे मित्र सांगतात. आपल्या भागात असे होऊ शकते का?
— एक आई, शहादा

उत्तर : होऊ शकते, ताई. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांचे ऊन सोसणाऱ्या आपल्या लोकांना थंडीने माणूस आजारी पडतो हे खरेच वाटत नाही. तोरणमाळचे पठार शहाद्याहून सुमारे हजार मीटर उंच आहे, आणि दर हजार मीटरला हवा साधारण सहा अंशांनी थंड होते. खाली पंचवीस असेल तर वर एकोणीस. एवढ्याने कोणी गारठत नाही. पण पाणी अंगातली उष्णता हवेच्या वीस-पंचवीस पट वेगाने ओढून घेते, त्यात पठारावरचा सोसाट्याचा वारा आणि रिकामे पोट. रेनकोटने वरचा पाऊस अडला तरी चढताना आतून घाम आला असणार, आणि त्या घामाने सुती बनियन व जीन्स ओली झाली असणार. सुती कपडा एकदा भिजला की ऊब देत नाही आणि लवकर वाळतही नाही.

थडथडणे ही पहिली खूण. जीभ अडखळणे, गुंडी लावता न येणे, पाय अडखळणे ही त्याच्या पुढची. त्याहून पुढे थडथड आपोआप थांबते, माणूस 'आता बरे वाटते' म्हणतो आणि एका जागी बसून राहू पाहतो. तेव्हा त्याला तातडीने दवाखान्यात न्यावे. आपल्या मुलाच्या बाबतीत प्रकरण दुसऱ्या पायरीवर थांबले. अशा वेळी वाऱ्याच्या आडोशाला नेऊन ओले कपडे उतरवावेत, कोरडे घालून वर घोंगडी लपेटावी, आणि शुद्धीवर असेल तर गोड गरम चहा थोडा थोडा पाजावा. दारू मुळीच नाही. तिने ऊब आल्यासारखे वाटते, पण त्वचेकडचे रक्त वाढून आतली उष्णता उलट लवकर निघून जाते.

पुढच्या वेळी त्याला पॉलिस्टरचा पातळ सदरा, एक लोकरी स्वेटर आणि कानटोपी द्यावी, आणि स्वेटर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून द्यावा, कारण पाठपिशवीत पाणी शिरतेच. शिदोरीला गूळ-शेंगदाणे आणि दशम्या पुरेत. फक्त भूक लागण्याची वाट न पाहता दर तासाला दोन घास खावेत असे बजावावे. आणखी एक गोष्ट त्याच्या कानावर घालावी. सीताखाईच्या बाजूला पठार एकाएकी तुटते, आणि दाट धुक्यात त्या कड्याची धार चार हातांवर येईपर्यंत दिसत नाही. धुके उतरले की तिकडे पाय न वळवता रस्ता धरून यशवंत तलावाकडे, वस्तीत यावे.