गोदामाचं भाडं आणि एम.कॉम.

प्रश्न : सर, मी फोंड्याला राहते, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचे अकाउंट्स बघते. नोकरी सांभाळून इग्नू या मुक्त विद्यापीठातून एम.कॉम. करायचं मनात आहे. ऑफिसात म्हणतात, दूरशिक्षणाची डिग्री कोण विचारतो? दुसरं म्हणजे, आमच्या गोदामाचं भाडं आम्ही दर महिन्याला सरळ खर्चात टाकतो. मैत्रिणीच्या एम.कॉम.च्या पुस्तकात मात्र भाड्याची जागा ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवलीय. चुकतंय कोण? आणि मार्चएंड, ऑडिट, मुलीची शाळा यांतून अभ्यास जमेल का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : भाड्याचा प्रश्न आधी घेतो, कारण ज्या बाईला हा प्रश्न पडतो तिने एम.कॉम. करायलाच हवं.

कोणीच चुकत नाही. पुस्तकात आहे तो इंड एएस ११६, म्हणजे भाडेकरारांचा हिशेब कसा मांडायचा हे सांगणारं भारतीय लेखा मानक, १ एप्रिल २०१९ पासून लागू झालेलं. इंड एएस ढोबळमानाने शेअर बाजारातल्या कंपन्यांना, आणि बाहेरच्यांपैकी २५० कोटी किंवा जास्त नेटवर्थ (भांडवल अधिक साठलेला नफा) असलेल्यांना लागतात. तुमचा कारखाना त्यात बसत नसेल तर भाडेकरारांचं जुनं मानक, एएस १९, चालतं, आणि त्यात अशा गोदामाचं भाडं खर्चातच जातं.

आता पुस्तकातली पद्धत कागदावर मांडा. समजा करार तीन वर्षांचा, भाडं वर्षाला एक लाख, तेही वर्षअखेरीस, आणि व्याजदर १० टक्के. तिन्ही हप्त्यांची आजची किंमत होते २,४८,६८५ रुपये. तेवढी मालमत्ता एका बाजूला, तेवढंच देणं दुसऱ्या बाजूला. पहिल्या वर्षी घसारा (मालमत्तेची किंमत तीन वर्षांत सारखी वाटून) ८२,८९५ आणि देण्यावरचं व्याज २४,८६९, म्हणजे खर्च १,०७,७६४. तिसऱ्या वर्षी देणं उरतं ९०,९०९, त्यावर व्याज ९,०९१, घसारा तोच. खर्च उतरतो ९१,९८६ वर. तीन वर्षांची बेरीज शेवटी तीन लाखच. पण सुरुवातीला नफा कमी दिसतो आणि ताळेबंदात देणं फुगतं, आणि कर्ज देताना बँकवाला आधी तेच बघतो. मी शिकवायचो तेव्हा मुलं हा हिशेब घोकून पाठ करायची. त्यांच्यापुढे कुठलं गोदाम नव्हतं. तुमच्या कपाटात खरा भाडेकरार आहे. त्यातले आकडे घालून एकदा करून बघा, परीक्षेत विसरणार नाही.

डिग्रीचं म्हणाल तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२० च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरतात. मात्र तो अभ्यासक्रम तुम्ही प्रवेश घेता त्या सत्रासाठी मंजूर हवा; यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. ‘घरबसल्या सहा महिन्यांत डिग्री’ म्हणून फोन करणाऱ्यांना उत्तरही देऊ नका. आणि एक गैरसमज नको : एम.कॉम. झाल्यावरही ऑडिट रिपोर्टवर सही सी.ए.चीच लागणार. कॉलेजात शिकवायचं मनात असेल तर मात्र पंचावन्न टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, हा रस्ता उघडतो.

नोकरी सोडू नका. ताळगाव पठारावर विद्यापीठात दिवसा जाऊन बसणं तुम्हाला परवडणारं नाही, आणि त्याची गरजही नाही. इग्नूची ही दोन वर्षांची पदवी चार वर्षांपर्यंत लांबवता येते, परीक्षा जून आणि डिसेंबरात. तुमचं एप्रिल-मे मार्चएंडचं काम निस्तरण्यात जाणार, म्हणून जूनला मोजकेच पेपर ठेवा. ३० सप्टेंबरच्या टॅक्स ऑडिटपर्यंत मान वर काढता येत नाही, त्यातच चवथ, म्हणजे गणपती येतात. तेव्हा पुस्तक उघडलं नाही तर मनाला लावून घेऊ नका. खरा अभ्यास ऑक्टोबर-नोव्हेंबरात, जास्तीचे पेपर डिसेंबरला. असाइनमेंटना तीस टक्के वजन आहे. त्या दुसऱ्याच्या उतरवून काढणारे पुढे पेपरात अडकतात.

डिसेंबरची एक गोष्ट आताच सांगून ठेवतो. ३ तारखेला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त (वार्षिक उत्सव) असतं आणि फोंड्याहून पणजीला जाणारा रस्ता तुंबतो. केंद्र पणजीकडे मिळालं आणि पेपर नेमका त्याच दिवशी आला, तर आदल्या रात्री पणजीत कोणाकडे तरी मुक्काम करा.