दम लागतो म्हणून आईला बसवूनच ठेवायचं का?

सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन दम लागायचा आजार, त्याच्या पेशंटच्या घरचे सगळ्यात जास्त हेच विचारतात, म्हणून गुहागरकडच्या एका काकूंचं सांगते (ओळख पटेल असं सगळं बदललंय). साठी उलटलेली, कधी विडीला हात लावला नाही, पण लग्न झाल्यापासून चुलीपुढे, त्यात पावसाळ्यात ओली लाकडं म्हणजे घरभर धूर. अॅडमिट होऊन घरी आल्या तेव्हापासून मुलगा पाण्याचा तांब्यासुद्धा हातात आणून द्यायचा. प्रेमापोटीच हो, पण काकू मला म्हणाल्या, आता माझा घरात काय उपयोग गो.

मुलाला सांगितलं, बसून राहिलं की पायातली ताकद जाते, मग तेवढ्याच कामाला जास्त धाप लागते, धाप लागली की माणूस घाबरतो आणि आणखी बसतो. हे तोडायलाच पल्मनरी रिहॅब असतं, म्हणजे फुफ्फुसाच्या पेशंटला बेताबेताने व्यायाम आणि श्वासाची पद्धत शिकवणारा कोर्स. फुफ्फुस पहिल्यासारखं होत नाही हे मी आधीच स्पष्ट सांगते, पण चालणं वाढतं, धाप कमी जाणवते आणि भीती उतरते. साधारण ६ ते १२ आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा, सुरुवातीला ६ मिनिटं चालवून ऑक्सिजन किती उतरतो ते बघतात. अॅडमिट होऊन आलेल्यांनी तर लवकर, ४ आठवड्यांच्या आत सुरू करावं.

आता एवढ्यांदा एसटीने चिपळूण गाठणं कुणाला जमणार, म्हणून फिजिओथेरपिस्टने तिथे शिकवलं, बाकी घरी, फोनवर चौकशी. नाकाने श्वास घ्यायचा, फुंकर घालतो तसे ओठ करून दुप्पट वेळ सोडायचा. काकूंचं घर रस्त्याच्या खाली, घाटी चढताना जोर लावायच्या वेळी श्वास सोडायचा, धाप लागली की गडग्यावर हात टेकून जरा पुढे वाकून थांबायचं. खुर्चीतून उठबस हाही व्यायामच.

"इन्हेलरची सवय लागते" ही भीती काढून टाका, नाही लागत. फवाऱ्याचा पंप असेल तर स्पेसर (पंपाला लावायची नळी) लावून घ्या, स्टिरॉइडवाला असेल तर नंतर चूळ भरा. आंघोळीच्या पाण्याची चूल दुसऱ्याने पेटवावी, भाजावळीच्या दिवसांत धुरापासून लांब राहावं.

बसल्या जागी धाप, निळे ओठ, छातीत दुखणं, बोलण्यात गोंधळ, असं झालं तर मात्र व्यायाम नाही, थेट हॉस्पिटल. कोर्स संपल्यावर चालणं सोडलं तर कमावलेलं हळूहळू जातं, म्हणून काकू अजून रोज चालतात, मुलगा सोबत असतो पण हात धरत नाही, आणि त्याला तेच अजून सगळ्यात जड जातंय.