तांब्याच्या पत्र्यावरचा रडणारा संत

प्रश्न : घरात तांब्याच्या पत्र्यावर रंगवलेलं, वीतभर उंचीचं जुनं चित्र आहे. पांढऱ्या दाढीचा, टक्कल पडलेला म्हातारा हात गुंफून, वर पाहत रडतोय. मागे अंधारात कोंबडा. हा संत जेरोम का? पत्र्याच्या पाठीवर हिरवे डाग आहेत, खालच्या कोपऱ्यात रंगाची खपली सुटते आहे. चिंचेने घासावं का?
– एक वाचक, जालना

उत्तर : चिंच लावू नका, पाठीवरसुद्धा नाही. ताम्हण चिंचेने लखलखतं, कारण आम्ल कळंक विरघळवतं. इथे तेच पाणी कडेने रंगाखाली झिरपेल, तिथे नवा कळंक धरेल आणि आतून खपल्या उचलेल. लिंबू, कापलेला बटाटा, खोबरेल हेही नको.

संत जेरोम नव्हे, येशूचे शिष्य संत पेत्र. कोंबडा आरवण्याआधी त्यांनी येशूला तीनदा नाकारलं, त्याचे हे अश्रू. जेरोम असते तर हातात छाती बडवायचा दगड, जवळ सिंह किंवा लाल टोपी दिसली असती. पश्चात्ताप करणारी संत मरिया मग्दालिया असती तर मोकळे केस आणि सुगंधी तेलाची कुपी. पश्चात्तापाची अशी चित्रं सतराव्या शतकात खूप निघाली. कारण प्रॉटेस्टंटांनी पापकबुलीचा संस्कार नाकारला होता. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेने १५५१ मध्ये तो ठामपणे उचलून धरला. तांबं कापडासारखं तेल शोषत नाही, म्हणून डोळ्यातला थेंबही बारीक कुंचल्याने टिपता येई. खोलीत एकट्याने प्रार्थना करायला म्हणूनच हा आकार.

पण आधी खात्री करा, कारण जुने छापील ओलिओग्राफही रंगवल्यासारखे दिसतात. दहापट भिंगातून ठिपके दिसले तर छपाई.

आता खपली. पुसू नका, ब्रशही फिरवू नका. रंगाची बाजू वर करून चित्र आडवं, सपाट ठेवा; झाकण रंगाला टेकणार नाही अशी पेटी घ्या. गळलेले तुकडे कागदी पाकिटात जपा. घामातले क्षार तांबं खातात, तेव्हा पत्रा नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) हातमोजे घालून कडेनेच धरा. पत्रा किंचित वाकला तरी वरचा कडक झालेला रंग तडकतो, म्हणून चौकटीत खिळे दाबून बसवू नका. आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, पुढे पावसाळी दमट हवा येते. पश्चिमेची तापणारी भिंत, मेणबत्ती, उदबत्ती यांपासून चित्र दूरच हवं. सुटलेला रंग चिकटवणं संवर्धकाचंच काम. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे. चित्र शंभर वर्षांहून जुनं ठरलं, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार ते खासगीरीत्या परदेशी पाठवता येणार नाही.