पोहता येत नाही, तरी स्कूबा करू का?

प्रश्न: ताई नमस्कार, मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते, वय ५३. लेक-जावई जानेवारीत अंदमानला नेताहेत आणि तिथल्या हॅवलॉक बेटावर स्कूबाचं, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून समुद्रात खाली जायचं, बुकिंग पण करून टाकलंय, मला न विचारता! मला पोहता येत नाही, चष्मा आहे, आणि खरं सांगू का, नदी म्हटलं की मला विश्वामित्री आणि तिच्यातल्या मगरीच आठवतात. हे म्हणतात, तू बोटीवर बस आणि पिशव्या सांभाळ. काय करू?

उत्तर: पिशव्या बोटवाला सांभाळेल, तुम्ही उतरा. फक्त आधी डॉक्टरांना विचारा, दमा, हार्टचा त्रास किंवा कानाचं ऑपरेशन झालेलं असेल तर तिथल्या फॉर्मवर लपवू नका, बाकी पोहणं यावंच लागतं असं नाही. पहिल्यांदा करणाऱ्यांना इन्स्ट्रक्टर पूर्ण वेळ धरून नेतो आणि १२ मीटरच्या खाली नेतच नाहीत. चष्म्याचं म्हणाल तर नंबरचा मास्क मिळतो का ते बुकिंगवाल्याला आत्ताच फोन करून विचारा, नाहीतर सॉफ्ट लेन्स चालतात.

खरी परीक्षा कानाची. माझी पहिली डाइव्ह मी सर्दी असताना केली, पैसे भरले होते ना, आणि तीन मीटरवरच कानात असा ठणका लागला की सरळ वर आले. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, म्हणून खाली जाताना नाक चिमटीत धरून हळूच हवा फुंकायची, आणि ती दुखायच्या आधीपासून, दर मीटरला. नाक चोंदलेलं असेल तर त्या दिवशी जाऊच नका, पैसे गेले तर गेले. दुसरं म्हणजे श्वास कधीच रोखायचा नाही, कारण वर येताना फुप्फुसातली हवा फुगते आणि तिला बाहेर जायला वाट हवी असते. घाबरलं की माणूस नेमका श्वासच धरतो, म्हणून आधी लालबागच्या स्विमिंग पूलमध्ये कोणीतरी सोबत घेऊन, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून, तोंडात स्नॉर्कल, म्हणजे श्वासाची नळी, धरून श्वास घ्यायची सवय करा. आठ-दहा दिवस पुरे.

मग खाली काय, नुसती मजा! पोपट मासा प्रवाळ कुरतडतो त्याचा करकर आवाज चक्क ऐकू येतो, आणि पचलं नाही ते मागून बारीक वाळू होऊन पडतं, म्हणजे ज्या पांढऱ्या वाळूवर जावई सेल्फी काढणार त्यातली बरीचशी कुठून आली ते त्यांना जेवताना सांगा. क्लाउनफिश जन्मतः सगळे नर, घरातली मादी गेली की मोठा नर मादी होतो. लाल रंग मात्र खाली दिसत नाही, तुमचं कुंकू काळपट दिसेल, घाबरू नका.

बोटीत बसायच्या आधी सेवउसळ वगैरे तिखट तेलकट नको, पोटात ढवळतं. आणि परतीचं तिकीट बघा! डाइव्हनंतर निदान १८ तास विमानात बसायचं नाही, त्या दिवशीच पोर्ट ब्लेअरहून फ्लाइट असेल तर जावयांना तारीख बदलायला सांगा.

भीती फारच असेल तर त्याआधी जामनगरजवळच्या नराऱ्याला जाऊन या. १९८२ पासूनचं मरीन नॅशनल पार्क आहे, ओहोटीला गुडघाभर पाण्यात चालत जिवंत प्रवाळ, खेकडे, नशीब असेल तर ऑक्टोपस पण दिसतो. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी मोठी असते, तशी तारीख धरा, आणि जुने बूट घाला.

प्रश्न: अंदमानहून शोकेससाठी प्रवाळाचा तुकडा आणला तर चालेल का? (मांजलपूर, बडोदा)

उत्तर: नाही. तो दगड नाही, प्राण्यांची वसाहत आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा होतो. किनाऱ्यावर मरून पडलेला असला तरी.