वाचकांचे प्रश्न : ठिणगी पडते, पण गिझर पेटत नाही

प्रश्न : आमच्याकडे नळ उघडताच आपोआप पेटणारा गॅस गिझर पाच वर्षांपासून आहे. गेल्या काही दिवसांपासून सकाळी नळ उघडला की टिकटिक आवाज येतो, ठिणगीही दिसते, परंतु ज्योत पेटत नाही आणि काही सेकंदांत आवाज थांबतो. दुपारी मात्र तोच गिझर बहुधा पहिल्याच खेपेस पेटतो. सेल नुकतेच बदलले असून ते चार्ज करता येणारे आहेत. त्याच सिलिंडरवरची शेगडी उत्तम चालते, म्हणून गॅसचा दोष नसावा असे वाटते. दुरुस्तीला आलेल्या कारागिराने आतील सुरक्षा स्विच काढून त्याच्या तारा थेट जोडून देतो, असे सुचवले आहे. तसे करावे का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. तसे मुळीच करू नये, आणि जो कारागीर हा उपाय सुचवतो त्याला गिझर उघडूही देऊ नये. पाणी प्रमाणाबाहेर तापले की गॅस तोडणे, हे त्या स्विचचे काम असते. काही गिझरमध्ये हवेतील प्राणवायू कमी झाल्यास ज्योत विझवणारी वेगळी योजनाही असते. तारा थेट जोडल्या की गिझर पेटेल. पण पुढे कधी तो विझायला हवा असेल, तेव्हा विझणार नाही. शिवाय तो स्विच बिघडला असता, तर गिझर दुपारीही असाच अडला असता. आपण सांगितलेल्या लक्षणांशी हे निदानच जुळत नाही.

आता मूळ बिघाडाकडे वळू. नळ उघडला की वाहत्या पाण्याच्या दाबाने गिझरमधील रबरी पडदा सरकतो, त्याला जोडलेली दांडी एक लहान स्विच दाबते, सेलच्या विजेवर ठिणग्या पडू लागतात आणि त्याच विजेवर गॅसचा चुंबकीय व्हॉल्व्ह उघडतो. बर्नरजवळच्या संवेदक दांडीला ज्योत जाणवली, तर व्हॉल्व्ह उघडा राहतो. काही सेकंदांत जाणवली नाही, तर तो मिटतो आणि ठिणग्याही थांबतात. आपल्याकडे टिकटिक होते, याचा अर्थ पाण्याची बाजू आपले काम करते आहे. आवाजच येत नसता, तर पाण्याच्या प्रवेशाशी असलेली जाळी गाळाने तुंबली आहे का, नळाला पुरेसा प्रवाह आहे का, हे मी आधी पाहायला सांगितले असते. तेव्हा दोष एकतर विजेत आहे किंवा गॅसमध्ये, आणि माझ्या मते तो दोन्हींत थोडा थोडा असण्याचा संभव आहे.

सेलबद्दल आपण लिहिलेला एक तपशील फार महत्त्वाचा आहे. साधा नवा सेल १.५ व्होल्टचा असतो आणि दोन मिळून ३ व्होल्ट होतात. चार्ज करता येणारा नेहमीचा सेल मात्र १.२ व्होल्टचा असतो, म्हणजे दोन मिळून केवळ २.४. एवढ्या दाबावर ठिणगी पडते, पण व्हॉल्व्ह ओढून धरण्याइतकी ताकद कित्येकदा उरत नाही. म्हणूनच ठिणगी दिसली म्हणजे सेल चांगले, हा समज फसवा ठरतो. थंडीत सेलची ताकद आणखी घटते, हेही सकाळच्या तक्रारीशी जुळते. एका जातीचे, एकाच वेळी घेतलेले दोन साधे अल्कलाइन सेल घालून पाहावे. घालताना खोबणीतील पत्र्यांवर पांढरा किंवा हिरवट थर दिसल्यास तो कोरड्या कापडाने व बारीक पॉलिश कागदाने काढावा. नंतर नळ उघडून कान देऊन ऐकावे. टिकटिकीच्या आरंभी ‘टक्’ असा एक जाडसर आवाज आला, तर व्हॉल्व्ह उघडला असे समजावे.

तो आवाज येऊनही ज्योत पेटली नाही, तर गॅस तपासायला हवा. येथे शेगडीचा पुरावा कामी येत नाही. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचे, तर मिनिटाला १५० किलोकॅलरी उष्णता लागते, म्हणजे सुमारे साडेदहा किलोवॉट. वाया जाणारी उष्णता धरली तर जवळपास बारा. शेगडीचा एक बर्नर दोन-तीन किलोवॉटवर चालतो. जो सिलिंडर शेगडीला सहज पुरतो, तोच गिझरच्या चार-पाच पट मागणीपुढे अपुरा पडू शकतो. सिलिंडरमधला द्रव सभोवतालची उष्णता घेऊन वायुरूप होतो. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळते, परंतु ब्युटेन शून्याच्या जरासे खाली, त्यामुळे ब्युटेनचे प्रमाण अधिक असलेल्या गॅसचा दाब थंड सकाळी बराच उतरतो. सिलिंडर संपत आला असेल, तर आतला थोडा द्रव लवकर गार होतो आणि अडचण वाढते. दुपारी गिझर पेटतो, याचे सरळ स्पष्टीकरण हेच आहे. सिलिंडर उचलून अंदाज घ्यावा आणि शेगडी बंद ठेवून गिझर लावून पाहावा. दाब वाढवण्यासाठी सिलिंडरवर गरम पाणी ओतणे किंवा तो आगीजवळ ठेवणे हे प्रकार कधीही करू नयेत.

याच वेळी रबरी नळी कुठे मुडपली आहे का आणि रेग्युलेटर पूर्ण उघडला आहे का, हेही पाहून घ्यावे. नळीच्या जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते तपासावे, काडी ओढून नव्हे. सिलिंडर नुकताच बदलला असेल, तर नळीतली हवा निघून जाईपर्यंत दोन-तीन प्रयत्न लागू शकतात. दोन प्रयत्नांत मिनिटभर तरी थांबावे. एकामागून एक नळ उघडझाप केल्यास न जळलेला गॅस बर्नरभोवती साठतो आणि नंतर एकदम भडका उडतो. वास आला, तर नळ आणि सिलिंडर दोन्ही बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात आणि विजेच्या कोणत्याही बटणाला हात लावू नये.

एवढे करूनही गिझर अडत असेल, तर ठिणगीच्या टोकावरची काजळी, संवेदक दांडी आणि बर्नरची जेट साफ करण्याचे काम त्या यंत्राची माहिती असलेल्या कारागिराकडेच सोपवावे. त्याने ज्योत निळी आहे ना, हे आपल्यासमोर पाहावे, असा आग्रह धरावा. ज्योत पिवळी असेल किंवा झाकणावर काळे डाग पडले असतील, तर गॅस पुरता जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होत असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, चक्कर, मळमळ एवढीच त्याची सूचना, आणि बंद न्हाणीघरात माणूस ती ओळखेपर्यंत हातपाय गळालेले असतात. आपला गिझर न्हाणीघराच्या आत बसवलेला असेल आणि त्याचा धूर बाहेर नेणारी नळी नसेल, तर तो पेटत नाही यापेक्षा ही बाब मला कितीतरी अधिक चिंतेची वाटते. दुरुस्तीच्या निमित्ताने तो मोकळ्या हवेच्या जागी हलवून घ्यावा.

प्रश्न : आमचा टाकीचा जुना गॅस हीटर आहे. बटण दाबून धरले की खालची लहान ज्योत पेटते, पण सोडताच विझते.

उत्तर : त्या ज्योतीत थर्मोकपलचे टोक असते. ते तापले की साधारण २० ते ३० मिलिव्होल्ट इतकी अल्प वीज निर्माण होते आणि तिच्यावर गॅसचा व्हॉल्व्ह उघडा राहतो. बटण अर्धा ते एक मिनिट दाबून धरावे. घाईने सोडणे हेच बहुतेक वेळा कारण असते. तरीही विझली, तर टोक ज्योतीत नीट बुडाले आहे का, ते पाहावे. ज्योतच बारीक असेल, तर तिचे छिद्र कचऱ्याने तुंबलेले असते. ते कारागिराकडून साफ करून घ्यावे. टोक जागेवर आणि ज्योत जोमदार असूनही ती टिकत नसेल, तर थर्मोकपल बदलण्यावाचून इलाज नाही. पुन्हा पेटवण्यापूर्वी पाच मिनिटे थांबून जमिनीलगत वास घ्यावा, कारण सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असून खालीच साचतो.